डिस्क आतली घ्यावी की बाहेरची?

संपादक महोदय,

संगणक मंद झाला किंवा सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसू लागली, की दुकानात जाऊन ‘एक टीबीची एक्स्टर्नल द्या’ असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. दुकानदारही काही न विचारता डबा काउंटरवर ठेवतो. घरी आल्यावर संगणक होता तितकाच मंद राहतो. मग जुने फोटो त्या डिस्कवर हलवले जातात, मूळ जागेवरून पुसले जातात आणि ‘बॅकअप झाला’ असे समजून सगळे निश्चिंत होतात. वास्तविक प्रत आधीही एकच होती आणि आताही एकच आहे. पूर्वी ती संगणकात स्क्रूने घट्ट बसलेली होती, आता टेबलावरून पडू शकेल अशी झाली, एवढाच फरक. संगणक दुरुस्ती आणि डेटा परत मिळवण्याच्या कामाशी संबंध असल्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

रोजचे काम ज्या डिस्कवर चालते ती आत असावी, आणि त्या कामाची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी. ही दोन वेगळी कामे आहेत. एकासाठी घेतलेली वस्तू दुसऱ्याला पुरत नाही.

आधी मंदपणाचे पाहू. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे फिरणारी अडीच इंची हार्ड डिस्क असते. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, आणि हा वेग वाईट नाही. पण विंडोज एक मोठी फाइल वाचत नाही. ते एकाच वेळी हजारो बारीक फाइलींना हात घालते. प्रत्येक फाइलसाठी डिस्कचे वाचणारे हेड जागेवर जाणार, तबकडी फिरून योग्य भाग हेडखाली येणार, यात १० ते १५ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर बारीक वाचने. साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच नेहमीच्या साटा जोडणीवर चालणारी, चिपमध्ये मजकूर साठवणारी डिस्क) हेच काम सेकंदाला हजारोंनी करते, कारण तिच्यात फिरणारे काही नाही. टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू दहा-वीस टक्के आणि ‘डिस्क’ सतत १०० टक्के दिसत असेल, तर रोग हार्ड डिस्कमध्ये आहे. अशा यंत्राला बाहेरून कितीही टीबी जोडले तरी काही उपयोग नाही. आतली हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवणे हाच उपाय. घरगुती वापराला २५६ जीबी चालते, ५०० जीबी घेतली तर पुढची काही वर्षे डोक्याला ताप नाही. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करून घ्यावी, नाहीतर कमी पडणाऱ्या रॅमचा भार पुन्हा डिस्कवरच येतो.

कोणती एसएसडी बसेल हे डबा उघडण्याआधी ठरवले पाहिजे. अडीच इंची साटा एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी सरळ बसते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर सोबत मिळणारी प्लास्टिकची चौकट लावायची. खरा गोंधळ होतो तो एम.२ प्रकारात. च्युइंग गमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या या एसएसडी दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई (पीसीआयई या जास्त जलद जोडणीवर चालणारी). दोन्ही २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब (खोक्यावर २२८० लिहिलेले असते), आणि कडेच्या खाचांचा फरक नवख्याच्या लक्षात येत नाही. साटा जातीची एम.२ फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये बसवली, तर ती बसते पण संगणकाला दिसत नाही. मग ‘माल खराब निघाला’ म्हणून भांडणे होतात. साधारण २०१५ च्या आधीचे बहुतेक मदरबोर्ड एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करू शकत नाहीत, तेव्हा तिथे साटाच घ्यावी. काही लॅपटॉपमध्ये ८० मिलिमीटरला जागाच नसते, ४२ किंवा ३० मिलिमीटरची लागते. आपल्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. पाच मिनिटे ती चाळली तर दुकानाचा एक हेलपाटा वाचतो.

वेगाच्या आकड्यांना फार भुलू नये. साटाची मर्यादा सेकंदाला सुमारे ५५० एमबी, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई एनव्हीएमईची ३५०० आणि चौथ्या पिढीची ७००० च्या घरात. कागदावर हा फरक प्रचंड आहे. पण हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर जो बदल जाणवतो, त्याच्या पासंगालाही साटावरून एनव्हीएमईवर जाण्यातला बदल पुरत नाही. पत्र टाइप करणाऱ्याला, टॅली चालवणाऱ्याला, ब्राउझर वापरणाऱ्याला तो कळणारही नाही. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी मात्र एनव्हीएमई घ्यावी आणि घेताना टीएलसी आहे की क्यूएलसी हे विचारावे. टीएलसीमध्ये एका पेशीत तीन बिट असतात, क्यूएलसीमध्ये चार कोंबलेले असतात. सुरुवातीचे काही जीबी जलद भागात उतरतात; तो भाग भरला की स्वस्त क्यूएलसी एसएसडीचा लिहिण्याचा वेग कधी कधी सेकंदाला १०० एमबीच्याही खाली जातो. लग्नाचे २०० जीबीचे शूटिंग एका दमात उतरवताना हे जाणवते.

आता जुन्यावरून नव्यावर जाण्याची रीत. नवी एसएसडी यूएसबी-साटा केबलने (एनव्हीएमई असेल तर तिच्या वेगळ्या एन्क्लोजरने, म्हणजे यूएसबी डब्याने) जोडायची आणि क्लोन करायचे, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवायची. मोठ्या कंपन्या आपल्या एसएसडीसोबत क्लोनिंगचे सॉफ्टवेअर मोफत देतात. क्लोनझिलाही मोफत आहे, पण त्यात नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी असावी लागते, १ टीबीवरून ५०० जीबीवर ते सरळ जात नाही. क्लोन करण्याआधी महत्त्वाच्या फाइली तिसरीकडे ठेवाव्यात, कारण मूळ आणि लक्ष्य डिस्क निवडताना उलटसुलट झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ‘कॉपी’ होते. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कूटबद्ध करण्याची विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि एन्क्रिप्शन तात्पुरते थांबवावे. फक्त सी ड्राइव्ह उचलून भागत नाही; सुमारे १०० एमबीचे, संगणक सुरू करायला लागणारे लपलेले ईएफआय पार्टिशनही सोबत गेले नाही तर नवी डिस्क सुरूच होणार नाही. क्लोन झाल्यावर संगणक पूर्ण बंद करायचा, चार्जर काढायचा, लॅपटॉप उघडल्यावर बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा आणि मगच डिस्क बदलायची. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नसावी. दोन्हींची ओळख-सही सारखीच असल्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन टाकते किंवा भलत्याच डिस्कवरून सुरू होते. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नये.

डेस्कटॉपवाल्यांची सोय जास्त आहे. एसएसडीवर विंडोज ठेवून साडेतीन इंची मोठी हार्ड डिस्क आतच जोडता येते, आणि दर टीबीमागे ती आजही सर्वात स्वस्त पडते. तिला साटा डेटा केबल आणि एसएमपीएसमधून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) येणारी साटा पॉवर लागते. पॉवरची पिन कमी पडली म्हणून मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या तोंडावरून साटा करणारी स्वस्त केबल लावतात. त्यातली ओतीव प्लास्टिकच्या तोंडाची केबल टाळावी, आतल्या तारा एकमेकींना टेकून ती जळाल्याची उदाहरणे आहेत. काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. डिस्क दिसत नसेल तर केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी.

बाहेरची डिस्क कामासाठी घ्यावी लागते ती एका परिस्थितीत: आतली बदलताच येत नसेल तेव्हा. स्वस्त लॅपटॉपमधली ६४ जीबीची ईएमएमसी (साठवणीची चिप) बोर्डवरच झाळलेली असते, आजच्या मॅकबुकमध्येही साठवण बोर्डवरच असते. तिथे बाहेरची एसएसडी घ्यावी, हार्ड डिस्क नको. तरीही विंडोज आतच राहणार, कारण विंडोजचा इन्स्टॉलर यूएसबी डिस्कवर बसायला नकार देतो. फाइली तेवढ्या बाहेर ठेवता येतील. मॅक खरेदी करतानाच पुढच्या पाच वर्षांचा विचार करून जास्त जागेचे मॉडेल घेणे यात म्हणूनच शहाणपणा आहे.

बाहेरच्या डिस्कचा वेग पोर्ट आणि केबल ठरवतात. यूएसबी २.० वरून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबी मिळतात, म्हणजे ५०० जीबी हलवायला चार तास. तीच हार्ड डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टवर सव्वा तासात काम उरकते, आणि एसएसडी असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत. पोर्टच्या आतली पट्टी बहुधा निळी असली की तो यूएसबी ३. टाइप-सी तोंड पाहून मात्र फसू नये, मोबाइलच्या चार्जिंगसोबत आलेली टाइप-सी केबल बहुतेक वेळा यूएसबी २.० चीच असते. पोर्टेबल हार्ड डिस्कचे जे रुंद, दोन भागांचे तोंड असते, त्यातल्या एका भागात जुन्या मोबाइलची मायक्रो यूएसबी केबलही बसते. डिस्क चालते, पण कासवगतीने.

विजेचा प्रश्न याहून महत्त्वाचा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो, यूएसबी ३ देतो ९००. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला लागते त्या क्षणी ती एक अँपियरपर्यंत ओढू शकते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून लांब, बारीक वायर गेलेली असते, किंवा स्वस्त हबवर आधीच तीन वस्तू लटकत असतात. मग डिस्क टक-टक आवाज करते, दिसते, गायब होते, आणि ‘हार्ड डिस्क गेली’ असा निष्कर्ष काढला जातो. आधी छोटी, चांगली केबल लावून मागच्या पोर्टला जोडून पाहावी. तरीही तोच आवाज येत राहिला तर लगेच बंद करावी. हेड निकामी झालेली डिस्क पुन्हा पुन्हा सुरू केल्याने तबकडीवर चरे पडतात आणि मग प्रयोगशाळेतही हाती काही लागत नाही. फ्रीजमध्ये ठेवण्याचा ‘इलाज’ अजूनही सांगितला जातो. आपल्या दमट हवेत बाहेर काढल्यावर आत दव जमते, उरलीसुरली आशाही त्याने जाते.

साडेतीन इंची बाहेरच्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून तिच्यासोबत वेगळा अडॅप्टर येतो. त्याच तोंडाचा राउटरचा किंवा प्रिंटरचा अडॅप्टर घाईत लावला जातो. व्होल्ट जास्त असले तर डिस्कचे सर्किट जळते. अडॅप्टरवर पांढऱ्या चिठ्ठीने डिस्कचे नाव चिकटवून ठेवावे.

बाहेरची हार्ड डिस्क घेताना आणखी दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. मोठ्या क्षमतेच्या अडीच इंची डिस्क बहुतेक एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे त्यांचे चुंबकीय मार्ग कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एका मार्गावर पुन्हा लिहायचे तर शेजारचेही परत लिहावे लागतात, त्यामुळे भरलेल्या डिस्कवर नवीन मजकूर चढवताना वेग अचानक कोसळतो. फोटो एकदा ठेवायचे आणि अधूनमधून पाहायचे असतील तर हे चालते. त्यावर रोज काम करणे, व्हिडिओ संपादित करणे किंवा नॅसमध्ये (नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कपेटीत) ती बसवणे चालत नाही. दुसरी गोष्ट अशी, की अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये साटाचे तोंडच नसते; यूएसबीची जोडणी थेट डिस्कच्या सर्किटवर असते, आणि काहींमध्ये तेच सर्किट सगळा मजकूर कूटबद्ध करून लिहिते, पासवर्ड लावलेला नसला तरी. यूएसबीचे तोंड तुटले तर डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घातल्याने काही वाचता येत नाही. ज्यांना हे टाळायचे त्यांनी साधी आतली अडीच इंची डिस्क किंवा एसएसडी आणि वेगळे एन्क्लोजर घ्यावे. तोंड तुटले तर नवा डबा, मजकूर शाबूत.

आता बॅकअप. जाणकारांमध्ये ३-२-१ असा संकेत आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती वापरात याचा अर्थ, एक प्रत संगणकात, दुसरी कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी भावाबहिणीच्या घरी किंवा क्लाउडवर. बाहेरची डिस्क बॅकअप संपताच काढून ठेवली पाहिजे, आणि हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो. सतत जोडून ठेवलेली डिस्क आतल्या डिस्कचेच नशीब घेऊन जगते. वळवाच्या पावसात वीज पडून लाइनमधून झटका आला तर दोन्ही जातात. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्रायसारखे खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरले तर तेही जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइली कुलूपबंद करते. क्लाउडशी आपोआप जुळणारे फोल्डर म्हणजेही पुरेसा बॅकअप नव्हे, इथे पुसले की तिथेही पुसले जाते. बॅकअप घेण्यासाठी विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आणि मॅकमध्ये टाइम मशीन आधीपासून आहे. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत काढून उघडून पाहावी. पुसलेल्या फाइली परत मिळतील या भरवशावरही राहू नये. हार्ड डिस्कवरून त्या बऱ्याचदा मिळतात, पण आतल्या एसएसडीत ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा थोड्याच वेळात खरोखर रिकामी करते.

कपाटात वर्षानुवर्षे ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी नको. एसएसडीतला मजकूर विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे घरगुती एसएसडीने, तिची लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यावर, वीज नसताना ३० अंश तापमानात एक वर्ष मजकूर टिकवला पाहिजे. कमी वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ जास्त काळ टिकवते, पण तापमान वाढले की गळती वाढते, आणि नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीतल्या कपाटाचे तापमान ३० अंश नसते. अशा प्रतीसाठी हार्ड डिस्क बरी. कोकणात आणि मुंबईत ती सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावी, वर्षातून दोनदा जोडून काही फाइली उघडाव्यात. चालू असताना मात्र ती हलवू नये. बंद डिस्क जो धक्का सोसते तो फिरत्या डिस्कला सोसत नाही.

फॉरमॅटबद्दल, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. फक्त विंडोजवर वापरायची तर एनटीएफएस. विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहायचे तर एक्सफॅट, पण त्यात जर्नल (बदलांची नोंदवही) नसल्यामुळे मध्येच केबल उपटली तर जास्त नुकसान होते. ‘सेफली रिमूव्ह’ न चुकता करावे. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवते यात फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींचा तो फरक आहे.

डिस्क आजारी पडते तेव्हा ती बऱ्याचदा आधी सांगते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन लावून ०५, सी५ आणि सी६ या (डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या) ओळींतले शेवटच्या रकान्यातले आकडे पाहावेत. हार्ड डिस्कवर ते शून्य असावेत. वाढत असतील तर त्याच दिवशी प्रत काढावी. फक्त सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो.

ऑनलाइन बाजारात दोन-तीन हजारांत १६ टीबीची बाहेरची एसएसडी मिळते म्हणून जी जाहिरात दिसते, ती निव्वळ फसवणूक आहे. आत एखादे छोटे मेमरी कार्ड असते आणि त्याचे सॉफ्टवेअर बदलून ते खोटी क्षमता दाखवते. खरी जागा भरली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात. नावे दिसतात, फोटो उघडत नाहीत. कोणतीही नवी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह घेतल्यावर ती रिकामी असतानाच विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवावे. ही साधने पूर्ण जागा भरून परत वाचून पाहतात. १ टीबीच्या हार्ड डिस्कला त्यासाठी अख्खी रात्र लागू शकते, पण माल परत करण्याची मुदत संपण्याआधी खरे-खोटे कळते.

शेवटी वॉरंटीचे. तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी डिस्कची असते, मजकुराची नसते. बदलून मिळालेली डिस्क कोरी येते, जुनी परत मिळत नाही. म्हणून ज्यात बँकेचे कागद किंवा घरचे फोटो आहेत ती डिस्क वॉरंटीत द्यायची की नाही, याचा आधी विचार करावा. बाहेरच्या डिस्कचा डबा उघडला तर वॉरंटी बहुधा जाते, आणि एसएसडीची वॉरंटी वर्षे किंवा लिहिण्याची मर्यादा यांपैकी जे आधी संपेल तिथे संपते. विक्रेत्यांना आणि ग्राहक संघटनांना आपल्या पत्रामार्फत विनंती आहे, की बिलावर नुसते ‘हार्ड डिस्क १ टीबी’ न लिहिता पूर्ण मॉडेल क्रमांक, सिरियल क्रमांक, हार्ड डिस्क असेल तर सीएमआर (मार्ग एकमेकांवर न चढवलेली) की एसएमआर, एसएसडी असेल तर साटा की एनव्हीएमई आणि वॉरंटीची मुदत लिहिण्याची पद्धत पाडावी. ग्राहकांनीही पैसे देण्याआधी ते लिहून मागावे. मॉडेल क्रमांक हाती असला की उरलेली माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते.

आपला,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, नाशिक